मिळून आलेला रस्सा

मंगळवार, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटं. शेतकी कॉलेजच्या पाहुणेघरातल्या संडासातून फिक्री बाहेर आला आणि दाराशी खोळंबलेल्या बखीतच्या कानाशी लागून म्हणाला, "लेका, माझ्यातून करकदे येतंय."

करकदे म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. बखीत हसला. मग एकदम थांबला. पहाटे त्यालाही तोच रंग दिसला होता.

"कुणाला बोलू नकोस," फिक्री म्हणाला. "एकच दिवस राहिलाय. शेळी जाईल."

एकवीस दिवसांचा प्रयोग पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला कॉलेजकडून एक गाभण शेळी मिळणार होती. मध्येच आजारी पडून घरी गेलेल्याला काहीच नाही.

बखीत दुपारी कोसळला. फिक्रीने संध्याकाळपर्यंत कळ काढली. बुधवारी दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी सरकारी इस्पितळात तो मेला. वय चौतीस. वजन अठ्ठेचाळीस किलो.

त्याच संध्याकाळी पोलिसांनी प्रयोगाच्या स्वयंपाकिणीला घरातून उचललं. उम्म रबीअ तिचं नाव. फिक्री तिचा पाठचा भाऊ. मयताला आंघोळ घालायचं पाणी तापत होतं, ते तसंच चुलीवर राहिलं.

गुरुवारी सकाळी प्रकरण नसीम बुशराच्या टेबलावर आलं.

नसीम हा अबू हंदल गावच्या तपास शाखेतला जुना अधिकारी. जाडा, शांत आणि सध्या चिडका. त्याच्या चर्चचा मोठा उपास चालू होता, सहावा आठवडा. मांस, अंडं, दूध बंद. रोज सकाळ-दुपार मुदम्मस, म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजलेला बाकला. त्या घेवड्याच्या दाण्यांशिवाय या गावात उपासही होत नाही आणि पारणंही.

पण काही माणसांना तोच बाकला मारतो. त्यांच्या रक्तात एक दोष जन्मापासून असतो. बाकला पोटात गेला की एक-दोन दिवसांनी रक्त फुटतं, लघवी लाल होते, डोळे पिवळे पडतात. गावात अशा पोराला चालायला लागण्याआधीच शिकवतात: शेजारणीने दिलेलं तोंडात घालायचं नाही.

डॉ. रावया अश्मावी यांनी अकरा वर्षं खपून बाकल्याचं नवं वाण काढलं होतं. नाव 'अमान'. त्यात ते रक्त फोडणारं द्रव्य जवळजवळ नव्हतं. बाजारी बाकल्याच्या दाण्याचा डोळा काळा, अमानचा पांढरा. रक्तात दोष असलेले बारा पुरुष एकवीस दिवस रोज दुपारी अमान खाणार, रोज त्यांचं रक्त तपासलं जाणार आणि मग समिती वाणाला परवानगी देणार, असा बेत होता. सतरा दिवस कुणाला शिंकही आली नव्हती.

अठरावा दिवस रविवार.

ठाण्यातल्या लोकांनी उत्तर आधीच लिहून ठेवलं होतं: बाईने कॉलेजचं महागडं बियाणं विकलं आणि बाजारी बाकला शिजवला.

"आणि तो सख्ख्या भावाला वाढला?" नसीमने विचारलं.

"गरीब माणूस काय करेल सांगता येत नाही, बाशा," हवालदार म्हणाला.

"श्रीमंताचं येतं का?"

हवालदार चहा सांगायला बाहेर गेला.

*

प्रोफेसर हिल्मी तुल्बा आहारशास्त्र विभागाचे प्रमुख होते. प्रयोगावरची देखरेख त्यांची. साठीचे, काटक, शर्टाच्या खिशात तीन पेनं. त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या पाच आवृत्त्या कपाटात पुढच्या रांगेत उभ्या होत्या.

"बाकल्यातलं ते विष..." नसीमने सुरुवात केली.

"विष नाही. ग्लायकोसाइड."

"बरं. त्याने रक्त नासतं..."

"नासत नाही. तांबड्या पेशी फुटतात. नासणं वेगळं."

"माणूस मरतो, एवढं तरी बरोबर आहे ना?"

"क्वचित." प्रोफेसरांनी चष्मा पुसला. "बाईला उगाच धरलंत. रोजच्या जेवणाचा नमुना आम्ही बरणीत भरून ठेवतो. रविवारच्या बरणीतला दाणा न् दाणा पांढऱ्या डोळ्याचा आहे. प्रयोगशाळेने तपासलाय. शुद्ध अमान."

"मग तो मेला कसा?"

"अमानने. शुद्ध अमान खाऊन माणूस मेला याचा अर्थ एकच. निर्धोक बाकला नावाची चीज नसते. तीस वर्षं मी हेच शिकवतोय. डॉक्टरबाईंना ऐकायचं नव्हतं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "समितीला मी तसं कळवलंय. बियाणं जाळून टाकायचं."

खाली आवारात रावया अश्मावी पायरीवर बसल्या होत्या. पन्नाशीची बाई, पायात चिखलाचे बूट.

"तुमचं वाण नापास झालं म्हणे," नसीम म्हणाला.

"माझा माणूस मेलाय. वाणाचं काय घेऊन बसलात!" त्यांनी वर पाहिलं नाही. "अकरा वर्षांपूर्वी पहिल्या चार झाडांचं बी निघालं, तेव्हाही सर म्हणाले होते, जाळ. मी मूठभर चहाच्या डब्यात लपवलं. तेव्हाच जाळायला हवं होतं बहुतेक."

*

पाहुणेघरात दहाजण उरले होते. दोघांना रविवारनंतर किंचित लाल लघवी झाली होती, बाकीच्यांना काहीच नाही. ओसरीवर त्यांच्यातलाच म्हातारा अबू सुरी कमानीसारखे वाकडे पाय पसरून बसला होता.

"रविवारचं जेवण कसं होतं, चाचा?"

"पहिलं."

"म्हणजे?"

"सतरा दिवस आम्ही पाण्यात पोहणारे गोटे खाल्ले, बाशा. दाणा इकडे, पाणी तिकडे. दोघांची सोयरीक जमेना. रविवारी पहिल्यांदा मुदम्मस खाल्ला. रस्सा असा की भाकर उभी राहावी. ताटं पुसून घेतली आम्ही." म्हाताऱ्याने तोंडावरून हात फिरवला. "फिक्रीने दोनदा घेतलं. म्हणाला, आज माझी बहीण शुद्धीवर आली."

"आणि बखीतने?"

"दीड ताट. तो नेहमीचाच खादाड."

"आधी कुणी तक्रार केली नव्हती?"

"आम्ही कशाला करू? शेळी पाहिजे होती. पण तुल्बासाहेब आले होते, त्याच्या आधीच्या गुरुवारी. पळीने रस्सा वर घेऊन सगळ्यांसमोर ओतला. म्हणाले, 'उम्म रबीअ, हा मुदम्मस आहे की नमाजाआधी हातपाय धुवायचं वजूचं पाणी? नवऱ्याने तुला याच्यासाठीच टाकलं काय?' आम्ही हसलो." म्हातारा थांबला. "सगळेच हसलो. फिक्रीसुद्धा."

नसीमने त्या संध्याकाळी कॉलेजच्या कोठारातून एक किलो अमान घेतला आणि घरी बायकोच्या हातात दिला. मर्सेलने तो भिजवला आणि तोंड लिंपलेल्या हंडीत रात्रभर मंद आचेवर ठेवला, जसा ती उपासाचे पंचावन्न दिवस ठेवते. सकाळी झाकण काढून तिने पळी फिरवली.

"कुठून आणलंत हे? सालं बघा, चामडं नुसतं. एक दाणा फुटला नाही. याचा रस्सा जन्मात मिळून यायचा नाही."

"मग तू काय करशील?"

"मूठभर मसूर टाकेन. कुणीही टाकेल. माझी सासूसुद्धा टाकायची, आणि तिला तर स्वयंपाक येत नव्हता." हे तिने त्याच्याकडे बघत म्हटलं.

नसीमने तो पाणचट मुदम्मस उभ्या उभ्या खाल्ला आणि ठाण्यात गेला.

*

उम्म रबीअ कोठडीत भिंतीला टेकून बसली होती. तिला भावाला माती द्यायला सोडलं नव्हतं.

"रविवारी हंडीत काय घातलंस?"

"बाकला. पाणी. मीठ."

"आणि?"

"आणि देवाचं नाव."

"देवाच्या नावाने रस्सा दाट होत नाही, बाई. मी सहा आठवडे हेच खातोय. काल माझ्या बायकोने तुझा अमान शिजवला. पाणीच राहिलं."

तिने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढला.

"मसूर घातलीस?"

"नाही."

"मसुरीने कुणी मरत नाही. घातली असशील तर सांग, घरी जाशील."

"म्हटलं ना, नाही!"

"मग कुणाला वाचवतेयस?"

बाहेर कुणीतरी चहाचे पेले धूत होतं.

"डॉक्टरबाईंनी मला कामाला लावलं," ती अखेर म्हणाली. "तलाक झाल्यावर मला दारात कुणी उभं करत नव्हतं. त्यांनी किल्ल्या दिल्या. तुम्ही त्यांचं नाव लिहिणार असाल तर मी काही बोलत नाही."

"मी खरं तेच लिहीन."

"शनिवारी सकाळी स्वयंपाकघराच्या कडीला पिशवी अडकवलेली होती. पांढऱ्या कापडाची. आत भरड. मुगाएवढी कणी, पिवळसर, जिऱ्याचा वास. मला वाटलं मसुरीची. वाटलं, गुरुवारी माझी शोभा झाली ती बाईंच्या कानावर गेली असेल. प्रयोगात काही मिसळायचं नाही असा नियम, म्हणून न बोलता ठेवली असेल. रविवारी पहाटे सगळी घातली."

"सगळी?"

"दीड किलो असेल. आणि रस्सा असा मिळून आला, बाशा..." तिने पळी फिरवावी तसा हात फिरवला. "फिक्रीने दुसऱ्यांदा ताट पुढे केलं. आमची आई गेल्यापासून त्याने माझ्याकडे दुसऱ्यांदा मागितलं नव्हतं."

"पिशवी कुठे आहे?"

"धुतली. दोरीवर आहे. कापड चांगलं होतं."

*

नसीम प्रयोगशाळेत गेला. तिथला सहायक शाफी हा नाकासमोर चालणारा तरुण होता.

"बरणीतला नमुना कसा तपासता?"

"दाणे वेचायचे, धुवायचे, सुकवायचे, दळायचे. मग तपासायचे."

"रस्सा?"

"ओतून देतो."

"पहिल्या दिवसापासून?"

शाफीने वही उलटली. "नाही. आधी सगळं एकत्र वाटायचो. शनिवारपासून रस्सा ओतायला लागलो. ही सरांची लेखी सूचना. 'द्रवामुळे मोजमापात चूक येते.'"

"शनिवार. म्हणजे सतरावा दिवस. चार दिवस उरले असताना मोजमापाची आठवण झाली?"

"मी कोण विचारणारा?"

"रविवारची बरणी धुतलीस?"

"बरणी धुतली." शाफी जरा थबकला. "झाकण राहिलंय. चिकटलं होतं, भिजत ठेवणार होतो."

"हात लावू नकोस त्याला."

तिथून नसीम इस्पितळाच्या रक्तपेढीत गेला. त्याला एवढंच विचारायचं होतं की फिक्रीला रक्त का मिळालं नाही. कारकुनाने सांगितलं ते त्याने दोनदा वदवून घेतलं. मग कागदाची प्रत घेऊन तो खाली आला आणि गाडीत बसून राहिला.

*

शनिवारी सकाळी दहा वाजता प्रोफेसरांच्या खोलीत चारजण बसले: प्रोफेसर, रावया, शाफी आणि नसीम. दाराशी एक शिपाई होता. तो लिहून घेत होता.

"मारणाऱ्याला बाजारी बाकला वापरायचा होता," नसीम म्हणाला. "पण त्याचा डोळा काळा. हंडीत पहिल्याच नजरेला दिसला असता. मग डोळा घालवायचा कसा? डोळा असतो सालावर. साल काढलं की काळ्याचा न् गोऱ्याचा बाकला सारखाच. थोडी मसूर, थोडं जिरं मिसळलं की स्वयंपाकीणही फसते. दाण्यांचा नमुना शुद्ध निघतो. विष रश्शात. आणि रस्सा मोरीत."

रावया अश्मावींनी तोंडावर हात ठेवला.

"डॉक्टरबाई, पिशवी तुम्ही ठेवलीत असं स्वयंपाकिणीला वाटतं. दोन दिवस ती तुमच्यासाठी कोठडीत तोंड शिवून बसली होती."

"मी? देवा! मला तर रस्सा पातळच हवा होता. जसं आहे तसं समितीपुढे जायला हवं होतं."

"माहीत आहे. शिवाय रस्सा ओतायचा हुकूम तुमचा नाही." नसीम प्रोफेसरांकडे वळला. "गेल्या आठवड्यात गुरुवारी तुम्ही त्या बाईची चारचौघांत लाज काढलीत. शनिवारी रस्सा ओतायची सूचना लिहिलीत. त्याच दिवशी तिच्या दाराला पिशवी अडकली."

"योगायोग," प्रोफेसर म्हणाले. "न्यायालयात याची किंमत शून्य."

"स्वयंपाकघराची कडी तर कुणालाही गाठता येते. तेही खरं. म्हणजे कुणीही रात्री बाकल्याचं पीठ आणून..."

"पीठ नव्हे, भरड," प्रोफेसर म्हणाले. "पिठाच्या गाठी झाल्या असत्या."

शिपायाने ते लिहून घेतलं.

"मी या खोलीत भरड हा शब्द काढला नव्हता," नसीम म्हणाला. "तिने तो फक्त मला सांगितला. डॉक्टरबाईंना नाही, शाफीला नाही. तीन दिवसांत तुम्ही माझ्या किती चुका सुधारल्यात, सर, मी मोजत होतो. वाटलंच होतं, ही एक सुधारल्याशिवाय तुम्हाला राहवणार नाही."

प्रोफेसरांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"कुणालाही स्वयंपाकातलं एवढं कळतं."

"तर मग हा कागद." नसीमने घडी उलगडली. "इस्पितळाची रक्तपेढी. दोन पिशव्या रक्त प्रयोगासाठी राखून ठेवावं. अर्जाची तारीख शनिवार. सतरा दिवस कुणाच्या बोटालाही ओरखडा नव्हता. रविवारी जेवण, मंगळवारी आजार. आणि रक्त मागितलंत शनिवारी. सही तुमची."

"यातून उलट हेच दिसतं," प्रोफेसर हळू म्हणाले, "की कुणाला मारायचा हेतू नव्हता."

"दिसतं. दोघातिघांना लाल लघवी होईल, प्रयोग थांबेल, बियाणं जळेल, पुस्तकाची सहावी आवृत्ती निघेल. एवढंच हवं होतं."

"सत्तर किलोचा माणूस, एक ताट. त्या मापाने..." प्रोफेसर थांबले. मग, जणू कुणा विद्यार्थ्याची वही तपासत असल्यासारखे, म्हणाले, "ते कुणी दोनदा मागून खात नव्हतं. सतरा दिवसांच्या नोंदी आहेत. दुसरं ताट हिशेबात धरायला आधारच नव्हता."

"तुम्ही ते चवदार केलंत, सर."

रावया उठल्या. त्या कपाटापर्यंत गेल्या आणि प्रोफेसरांच्या पुस्तकाच्या पाचही आवृत्त्या एकेक करून जमिनीवर टाकल्या. कुणी त्यांना अडवलं नाही.

"आणि त्या दोन पिशव्या बखीतला चढल्या," नसीम म्हणाला. "तो दुपारी कोसळला, रुग्णवाहिकेतून पहिला पोचला. फिक्री शेळीसाठी संध्याकाळपर्यंत गप्प राहिला. तो पोचला तेव्हा पेढीत त्याच्या गटाचं रक्त नव्हतं."

प्रोफेसर दाराकडे निघाले तेव्हा शिपायाने त्यांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. फक्त म्हणाले, "लिहाल त्यात ग्लायकोसाइडऐवजी विष लिहू नका."

*

उम्म रबीअला सांगायला नसीम एकटाच गेला. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "साहेबांना माझा राग होता?"

"नाही. तू त्यांच्या खिजगणतीतही नव्हतीस."

"मग वजूचं पाणी का म्हणाले?"

"तू दाट करावंस म्हणून."

ती आपल्या हातांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरबाईंना सांगा, मी त्यांच्यावर आळ घेतला, माफ करा म्हणावं." थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, "ढवळलं मीच."

नसीमने कोठडीचं दार लावून घेतलं.

रविवारी दुपारी दोन वाजेपर्यंतची माहिती अशी. प्रोफेसर तुल्बा यांच्या वकिलाने सगळे आरोप नाकारले असून खोलीतलं बोलणं दबावाखाली झालं असं म्हटलं आहे. दोरीवरच्या पिशवीत काहीही सापडलेलं नाही. ती दोनदा साबणाने धुतलेली होती. बरणीच्या झाकणावरचा वाळलेला रस्सा खरवडून कैरोला पाठवला आहे, अहवाल यायचा आहे. अमानच्या कोठाराला सील आहे. बियाणं जाळायचा हुकूम रद्दही झालेला नाही, अमलातही आलेला नाही. बखीत अजून शुद्धीवर नाही. सरकारी वकिलाने उम्म रबीअवरचं निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचं कलम काढलेलं नाही, अहवालाची वाट पाहू असं कळवलं आहे. ती कोठडीतच आहे.

दहाजण आपापली शेळी घेऊन घरी गेले. पाहुणेघरामागे दोन अजून बांधलेल्या आहेत. त्यातली एक काल व्याली.